कडा ढासळतो म्हणून शार्कचे दात सापडतात, आणि म्हणूनच कड्याखाली जायला बंदी आहे

२०२२ चा नाताळ. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली ९ वर्षांची एक मुलगी नाताळच्या सकाळी थंडगार पाण्यात उतरली. पाण्यात उभं राहता यावं म्हणून घालतात ती छातीपर्यंतची रबरी पँट तिला त्याच दिवशी भेट मिळाली होती. गुडघाभर पाण्यात तिला तळाशी काहीतरी दिसलं. हात घालून बाहेर काढलं तर तिच्या तळहातापेक्षा मोठा, ५ इंचांचा काळसर दात. मेगालोडॉनचा. म्हणजे लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या महाकाय शार्कचा.

जवळच्या कॅल्व्हर्ट मरीन म्युझियमनं दात खरा असल्याचं सांगितलं आणि ती बातमी जगभर फिरली. आजही दर काही महिन्यांनी असा एखादा रील फीडवर येतो. ओली वाळू, एक हात, हातात चकाकणारा काळा त्रिकोण. खाली कमेंट्स ठरलेल्या: 'जागा कुठली?', 'फेक आहे', 'विकला तर किती मिळतील?'

फेक नाही. जागेचं नाव कॅल्व्हर्ट क्लिफ्स. मेरीलँडच्या दक्षिणेला, चेसापीक उपसागराच्या पश्चिम काठावर चाळीसेक किलोमीटर पसरलेली ही कड्यांची रांग आहे आणि तिच्यातला एक तुकडा म्हणजे कॅल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्क. वॉशिंग्टन डीसीपासून गाडीनं साधारण दीड तास. त्या भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत. सुट्टीत मुलांना घेऊन जायच्या यादीत हे पार्क असतं आणि आई-बाबा भारतातून आले की त्यांनाही तिथं नेलं जातं.

या पार्कचे दोन नियम एकत्र वाचले की गोंधळायला होतं. पहिला: मोकळ्या किनाऱ्यावर सापडलेले जीवाश्म तुम्ही स्वतःसाठी घरी नेऊ शकता. जगातल्या बहुतेक नावाजलेल्या जागांवर दगडाला हात लावलात तर दंड होतो, इथं मात्र 'न्या' म्हणतात. दुसरा: ज्या कड्यांमधून हे जीवाश्म येतात त्या कड्यांखाली जायचं नाही. चालायचं नाही, पोहायचं नाही, शोधायचं नाही. कड्याच्या माथ्यावरही जायचं नाही.

दात न्या, पण दात जिथून येतात तिथं फिरकू नका. असं का?

हा कडा दगडाचा नाहीच

कडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर हरिहरेश्वरचा काळा कातळ आला असेल, तर तो आधी पुसून टाका. कॅल्व्हर्टचे कडे वाळू, गाळ आणि चिकणमातीचे आहेत. खालचा भाग राखाडी-निळसर, वर पिवळट-नारिंगी, मध्ये मध्ये शिंपल्यांचे पांढरे पट्टे. काही ठिकाणी उंची ३० मीटरच्या वर, म्हणजे नऊ-दहा मजली इमारतीएवढी. पण फावडं मारलं तर ते आत जाईल.

हा गाळ साचला १ ते २ कोटी वर्षांपूर्वी. भूगर्भशास्त्रात या काळाला मायोसीन म्हणतात. डायनोसॉर संपून तेव्हा चार कोटींहून जास्त वर्षं लोटली होती. (रील्समध्ये 'डायनोसॉरच्या काळातला शार्क' असं लिहिलेलं असतं. ते चूक आहे.) तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा वर होती आणि मेरीलँडचा हा भाग उबदार, उथळ समुद्राखाली होता. त्यात देवमासे होते, डॉल्फिन होते, सागरी गायी होत्या, मगरी होत्या. मेलेली जनावरं तळाशी जायची आणि त्यांच्यावर गाळ बसायचा. नद्याही जमिनीवरचं काहीबाही वाहून आणायच्या, त्यामुळे इथं टापिरसारख्या जमिनीवरच्या प्राण्यांचे अवशेषही सापडतात. आतापर्यंत इथून ६०० हून जास्त प्रजातींचे जीवाश्म ओळखले गेलेत.

पुढे समुद्र मागे हटला आणि तळाचा गाळ उघडा पडून जमीन झाली. शेवटचं हिमयुग संपल्यावर बर्फ वितळलं, समुद्र पुन्हा वर चढला आणि सस्क्वेहाना नावाच्या नदीचं अख्खं खोरं पाण्याखाली गेलं. तोच आजचा चेसापीक उपसागर. त्याच्या लाटा जुन्या गाळाच्या पायथ्याशी आपटायला लागल्या आणि गाळ उभा कापला गेला. केकचा तुकडा कापल्यावर आतले थर दिसतात, तसे इथं कोटी वर्षांचे थर दिसतात.

१६०८ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जॉन स्मिथ होडीनं इथून गेला. त्यानं नकाशात या कड्यांना आपल्या आईच्या घराण्यावरून 'रिकार्ड्स क्लिफ्स' असं नाव दिलं. नाव टिकलं नाही. पुढे मेरीलँड वसाहत ज्या कॅल्व्हर्ट घराण्याच्या मालकीची होती, त्यांचं नाव चिकटलं.

मग सगळ्यांना दातच का सापडतात?

शार्कचा सांगाडा हाडांचा नसतो, कूर्चेचा असतो. आपल्या नाकाच्या शेंड्यात असते ती लवचिक गोष्ट. ती सहसा कुजून जाते. दात मात्र कठीण. शिवाय शार्कला ते एकदाच येत नाहीत. जबड्यात दातांच्या रांगा एकामागे एक तयार असतात. पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो आणि हे आयुष्यभर चालू राहतं. एक शार्क आयुष्यात हजारो दात टाकू शकतो. म्हणजे दात सापडला याचा अर्थ शार्क तिथंच मेला असा होत नाही. बऱ्याचदा तो तिथं फक्त जेवला असतो.

रंगाचंही असंच. शार्कचा दात मुळात पांढराच. गाळात लाखो वर्षं पडून राहिल्यावर आजूबाजूची खनिजं त्यात शिरतात आणि तो काळा, राखाडी किंवा तपकिरी होतो. त्यामुळे किनाऱ्यावर पांढराशुभ्र त्रिकोण दिसला तर तो बहुतेक शिंपल्याचा तुकडा असतो.

या दातांनी माणसाला बराच काळ चकवलंय. युरोपात लोक त्यांना सापांच्या किंवा ड्रॅगनच्या दगड झालेल्या जिभा समजायचे. विषावर उतारा म्हणून जवळ बाळगायचे. १६६६ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ पकडलेल्या एका मोठ्या शार्कचं डोकं फ्लॉरेन्सला नेण्यात आलं आणि निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञानं ते उघडून पाहिलं. जबड्यातले दात आणि ते 'जिभेचे दगड' एकसारखेच होते. मग प्रश्न आला: समुद्रातल्या प्राण्याचा दात डोंगरातल्या दगडात कसा शिरला? स्टेनोचं उत्तर होतं की तो दगडच कधीकाळी समुद्रातला गाळ असणार, आणि खालचा थर आधी साचलेला, वरचा नंतर. आज शाळेत आपण हे एका ओळीत शिकतो. कॅल्व्हर्टच्या काठावर उभं राहिलं की ते समोर दिसतं.

मेगालोडॉन किती मोठा होता? नेमकं सांगणं अवघड, कारण हाताशी आहेत ते प्रामुख्यानं दात आणि थोडे मणके. जुने अंदाज १५ ते २० मीटरचे, अलीकडचे काही २४ मीटरपर्यंत जातात. म्हणजे आपल्या एसटी बसच्या दीडपट ते दुप्पट. सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी तो संपला असं मानलं जातं. अजूनही खोल समुद्रात लपलाय वगैरे व्हिडिओ बघायला मजा येते, तेवढंच. उबदार पाण्यात देवमासे खाणारा एवढा प्राणी अंधाऱ्या, थंड तळाशी उपाशी राहून लपेल कसा?

आणि माझा आवडता जीवाश्म दात नाहीच. मेरीलँडच्या मायोसीन थरांमधून मिळालेल्या दगड झालेल्या विष्ठेवर चक्क शार्कच्या दातांचे ठसे आहेत. त्यावर २०१० मध्ये रीतसर शोधनिबंध निघालाय. शार्कनं विष्ठेला चावा का घेतला असावा, यावर गंभीर माणसांनी गंभीरपणे विचार केलाय. विज्ञान आवडायला लागतं ते अशा गोष्टींमुळे.

कडा कसा पडतो

आता पुन्हा त्या दोन नियमांकडे.

लाटा कड्याचा पायथा खातात. खाली खोबण तयार होते आणि वरचा भाग आधाराशिवाय लटकत राहतो. दुसरीकडे पावसाचं पाणी वरून वाळूत मुरतं, खाली चिकणमातीच्या थराशी अडतं आणि आडवं वाहत कड्याच्या तोंडातून पाझरतं. त्यामुळे आतला गाळ जड आणि ढिला होतो. हिवाळ्यात हे पाणी गोठतं, फुगतं, भेगा रुंदावतं. दुपारी ऊन पडलं की बर्फ वितळतं आणि भेग मोकळी होते. रात्री पुन्हा गोठतं. एक दिवस अख्खा तुकडा झाडांसकट खाली येतो.

आपल्याकडे पावसाळ्यात घाटात दरड कोसळते, त्याचीच ही बहीण. फरक इतकाच की इथं पाऊस असायलाच हवा असं नाही. स्वच्छ ऊन असलेल्या निवांत दुपारीही कडा पडतो. पडण्याआधी आवाज होईल, पळायला वेळ मिळेल, हा भरवसा नाही. किनारा अरुंद असतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी. पळणार कुठे?

कडे मागे सरकण्याचा वेग जागोजागी वेगळा आहे. काही ठिकाणी वर्षाला सरासरी फूट-दोन फूट जातात. सरासरी हा शब्द इथं फसवा आहे. दरवर्षी फूटभर माती गुपचूप सरकते असं होत नाही. अनेक वर्षं काहीच हलत नाही आणि मग एका झटक्यात दहा फूट जातात. म्हणून 'मी पाच वेळा गेलोय, काही झालं नाही' या वाक्याला काही अर्थ नाही.

पण हे पडणं थांबलं तर? दात मिळणंही थांबेल. कडा ढासळतो, लाटा त्यातली माती धुऊन नेतात आणि जड, कठीण दात मागे राहतात. दर वादळानंतर नवा माल किनाऱ्यावर येतो. म्हणूनच पार्क दात न्यायला मोकळीक देऊ शकतं, कारण कोणी उचलला नाही तर लाटा त्याला पाण्यात नेतील, घासतील, झिजवतील. आणि म्हणूनच कड्याखाली जायला बंदी आहे. दोन्ही नियमांचं कारण एकच आहे.

आणि गंमत म्हणजे कड्याखाली जायची गरजही नसते. सुटलेले दात पाणीच किनाऱ्याच्या कडेनं इकडेतिकडे नेत असतं. नाताळातल्या त्या मुलीनंही कडा खणला नव्हता, ती पाण्यात उभी होती. तरीही सुट्टीच्या दिवशी फलकाच्या पलीकडे जाऊन, पाठीमागे कडा घेऊन सेल्फी काढणारे दिसतातच. कड्याला काठीनं टोचणारेही असतात. त्यांच्या रील्सना लाइक्सही भरपूर येतात. असा रील दिसला तर 'वॉव' लिहिण्याआधी त्या माणसाच्या डोक्यावर काय लटकतंय ते एकदा बघा.

कडा पडायलाच हवा, असं म्हणणारा किडा

इथं आणखी एक रहिवासी आहे. प्युरिटन टायगर बीटल नावाचा, जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा भुंगेरा. जगात तो मोजक्याच ठिकाणी उरलाय: चेसापीकच्या काठावरचे काही कडे आणि उत्तरेकडे कनेक्टिकट नदीचा थोडा भाग. १९९० पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं त्याला 'धोक्यात आलेली प्रजाती' म्हणून संरक्षण आहे.

याच्या अळ्या कड्याच्या उघड्या मातीत बिळं करून साधारण दोन वर्षं राहतात. माती उघडीच हवी. त्यावर गवत-झुडपं वाढली की अळ्यांना जागा उरत नाही. आणि कडा उघडा राहतो तो सतत ढासळत असल्यामुळे.

आता कड्याच्या माथ्यावर जाऊ. पार्कच्या दक्षिणेला कड्यांच्या वर वस्त्या आहेत. समोर उपसागर, पहाटे पाण्यातून वर येणारा सूर्य, असं बघून लोकांनी घरं घेतली. तेव्हा अंगणापलीकडे जागा होती. आता काही घरं कड्याच्या अगदी तोंडाशी आलीत. मालकांचं म्हणणं साधं आहे: पायथ्याला दगडांचा बांध घाला, घर वाचवा. पण बांध घातला की लाटा अडतात, कडा हळूहळू उतार होतो, त्यावर हिरवळ येते आणि भुंगेरा जातो. त्यामुळे परवानग्या अडकतात. वर्षानुवर्षं यावर बैठका आणि वाद झालेत. काही घरं सरकारी पैशातून विकत घेऊन पाडण्यात आली, म्हणजे धोक्यातली माणसं हलवली आणि कडा तसाच ठेवला.

'माणसापेक्षा किडा मोठा का?' ही कमेंट इथं ठरलेलीच. पण प्रश्न एवढा सरळ नाही. किडा तिथं आधीपासून होता हे खरं. कर्ज काढून घर घेतलेल्या म्हाताऱ्या जोडप्यानं जायचं कुठे, हेही खरं. आणि एका घरापुढे बांध घातला तर लाटांचा मार शेजारच्या, बांध नसलेल्या कड्याला बसू शकतो, हेही खरंच. माझं मत विचाराल तर चूक सुरुवातीलाच झाली, ढासळणाऱ्या कड्याच्या काठावर प्लॉट पाडले तेव्हा. किनाऱ्याला चिकटून सी-व्ह्यू बंगले बांधणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हे प्रकरण सवडीनं वाचावं.

कोकणात असं काही का नाही?

हा प्रश्न मला स्वतःला पडला होता. आपल्याकडेही कडे आहेत, समुद्र आहे, लाटा तर जास्तच जोरदार. मग रत्नागिरीला मेगालोडॉन का नाही?

कारण सह्याद्रीचा आणि कोकणातल्या बऱ्याचशा किनाऱ्याचा काळा दगड समुद्राच्या गाळातून बनलेला नाही, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहिलेल्या लाव्हारसाचा आहे. तापलेल्या लाव्हात कोण टिकणार? पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये जो काळ गेला त्यात तळी साचली आणि त्या तळ्यांच्या गाळात जीव अडकले. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच थरात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले होते, तेही एकोणिसाव्या शतकात. सी-लिंककडे जाताना ट्रॅफिकमध्ये अडकलात तर ही माहिती शेजारच्याला सांगता येईल. शार्कचे मायोसीन काळातले दात भारतातही मिळालेत, पण ते गुजरातेत कच्छमध्ये आणि ओडिशात बारीपदाजवळ.

जायचं ठरलंच, तर

पार्किंगपासून किनारा लगेच येत नाही. रेड ट्रेल नावाची पायवाट जंगलातून, पाणथळ जागेच्या कडेनं १.८ मैल जाते, म्हणजे जवळपास ३ किलोमीटर. परत येताना तेवढंच. आजी-आजोबांना किंवा अगदी लहान मुलांना घेऊन निघताना हे घरीच सांगा, वाटेत नको. किनाऱ्यावर दुकान नाही. पाणी, खाणं सोबत हवं. पाणथळ जागेत बीव्हरचं काम बघायला मिळतं, तिथं थोडं थांबा. आणि किनारा छोटा आहे. गोव्याचा बीच डोक्यात ठेवून गेलात तर 'एवढंच?' असं तोंडातून निघेल.

सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर पोहोचा. पार्किंग भरलं की प्रवेश थांबवतात. शुल्क आणि वेळा बदलत असतात, निघण्याआधी पार्कच्या अधिकृत पानावर बघून घ्या.

उन्हाळ्यात गोचिडींपासून जपा. मेरीलँडच्या जंगलात त्यांच्यामार्फत लाइम नावाचा आजार होतो. फुल पँट घाला, घरी आल्यावर अंग तपासा. उन्हाळ्यातच उपसागरात डंख मारणारे जेलीफिश येतात. शोधायला खरा चांगला काळ हिवाळा. गर्दी कमी, वादळं जास्त. चेसापीकमध्ये भरती-ओहोटीचा फरक फूट-दीड फुटांचाच असतो, त्यामुळे ओहोटीच्या वेळापत्रकाइतकंच वाऱ्याकडे लक्ष द्या. वायव्येकडून जोराचा वारा वाहिला की तो उपसागरातलं पाणी बाहेर ढकलतो आणि एरवी बुडलेला तळ उघडा पडतो. मुरलेले शोधक अशाच दिवसाची वाट बघतात.

शोधायचं पाण्याच्या रेषेवर, जिथं बारीक खडे आणि शिंपले साचतात. छोटी चाळणी असेल तर उत्तम. नजर काळ्या, चकचकीत, टोकदार गोष्टींवर. पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही, मग एक सापडतो आणि त्यानंतर डोळे सरावतात. हे दात बहुतेक नखाएवढे असतात. मेगालोडॉन मिळेल या आशेनं मुलांना नेऊ नका. अनेक वर्षं दर आठवड्याला जाणाऱ्यांनाही तो क्वचित मिळतो. तीन किलोमीटर चालणं नको असेल तर थोडं उत्तरेला फ्लॅग पॉन्ड्स नावाचं पार्क आहे, तिथं किनारा साधारण अर्ध्या मैलावर येतो.

सापडलेलं काय आहे हे कळलं नाही तर दक्षिणेला सोलोमन्स गावातलं कॅल्व्हर्ट मरीन म्युझियम गाठा. तिथं मेगालोडॉनच्या सांगाड्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती लटकवलेली आहे, त्याखाली उभं राहिलं की हातातल्या नखाएवढ्या दाताचं वाईट वाटणं बंद होतं. दात डब्यात टाकताना एका चिठ्ठीवर तारीख आणि जागा लिहून ठेवा. चिठ्ठीशिवाय तो फक्त एक छान दगड असतो. आणि कड्यात काहीतरी मोठं, कवटीसारखं डोकावताना दिसलं तर लांबूनच फोटो काढा आणि म्युझियमला कळवा. ते बाहेर काढायला त्यांच्याकडे माणसं आहेत, आणि कुठे उभं राहायचं नाही हेही त्यांना माहीत आहे.